वाटेची गाडी, शर्यतीची गाडी

काशिमीऱ्याहून वसईच्या खाडीकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग वरसावे नाक्यावर घोडबंदर रस्त्याला भेटतो. गुजरातेतून उतरलेले ट्रेलर, न्हावाशेव्याच्या वाटेला लागलेले कंटेनर, ठाण्याला नोकरीसाठी निघालेल्या मीरा रोड-भाईंदरच्या मोटारी, सगळे इथे एकमेकांना खेटून पुढे सरकतात. पावसाळ्यात या रस्त्याची चाळण होते आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखालचे पाटे, स्प्रिंगा आणि शॉकअप यांची कसोटी लागते. या गर्दीत अधूनमधून एखादी बुटकी केलेली मोटार दिसते. तिचा मालक आठवडाभर तिच्यातूनच कामाला जातो, आणि वर्षातून एखाद्या वेळी तीच गाडी कुठल्याशा धावपट्टीवर नेऊन ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत उतरवतो. ड्रॅग रेसिंग म्हणतात ते हेच. अशा मालकापुढचा प्रश्न नेमका असतो: खड्ड्यांतही चालेल आणि शर्यतीतही कमी पडणार नाही, असं सस्पेन्शन कोणतं निवडायचं?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला या मुलखात मोठी परंपरा आहे. जुन्या लोकांनी त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं होतं. कामं दोन असतील तर गाड्याही दोन हव्यात. वाटेची गाडी वेगळी आणि शर्यतीची वेगळी. मोटार आली तेव्हा ही फारकत मोडली, आणि सस्पेन्शनची सगळी ओढाताण तिथून सुरू झाली.

मीरा-भाईंदरच्या हद्दीतला घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. उल्हास नदीचं पाणी वसईच्या खाडीला जिथे येतं तिथल्या टेकडीवर तो उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या बंदरात अरबांशी घोड्यांचा व्यापार चाले. १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला. दख्खनच्या फौजांना चांगला घोडा बाहेरूनच आणावा लागे, त्यामुळे अशा बंदरांना मोल होतं. घोड्यावरच्या स्वाराला स्प्रिंग लागत नाही. रिकिबीत उभं राहिलं की त्याचे गुडघे आणि घोटेच ते काम करतात. ज्याला बसून जायचं आहे, किंवा ज्याला मीठ आणि भात वाहून न्यायचं आहे, त्याची गोष्ट वेगळी.

भाईंदरच्या मिठागरांतलं मीठ होड्यांतून जाई, आणि १८६४ मध्ये बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईत आल्यावर आगगाडीही मदतीला आली. पण मिठागरापासून धक्क्यापर्यंत किंवा शेतापासून बाजारापर्यंतचा भार सगळीकडे होता तो बैलगाडीवरच. या गाडीला कसलीही स्प्रिंग नव्हती. बाभळीची चाकं, आरे, तुंबा, चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव आणि चाकांना जोडणारा कणा, एवढाच तिचा संसार. धक्का बसला की लाकूड थोडं लवायचं, दोरखंडाने आवळलेले सांधे थोडे सैल व्हायचे, आणि उरलेला धक्का मालाला आणि माणसाला सोसावा लागायचा. भाताच्या पोत्याची त्याला तक्रार नसे. माणसांसाठी विदर्भात दमणी आणि रेंगी या हलक्या गाड्या होत्या. त्यात पेंढा पसरून वर गोधडी घालायची, म्हणजे लेकीबाळी, म्हातारीकोतारी बऱ्यापैकी सुखाने माहेरी किंवा जत्रेला पोहोचत.

शर्यतीची गाडी या दोन्हींहून निराळी. विदर्भातल्या शंकरपटाची छकडी पाहिली की हे लगेच कळतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे महिला धुरकरीही छकडी हाकतात. छकडीत बसायला जेमतेम जागा असते. साटा नाही, टप नाही, मालाला जागा नाही. चाकं आणि जू यांना जोडायला लागेल तेवढंच लाकूड तिच्यात असतं. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर भागात घाटातली शर्यत चालते. गाड्याला चार बैल, पुढे घोडीवर स्वार, आणि चढाच्या धावपट्टीवर सेकंदांत मोजली जाणारी बारी. अलिबागकडे नागावसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीनंतर घट्ट झालेल्या पुळणीवरून बैलगाड्या धावतात. पद्धती वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. अंतर थोडकं, वाट सरळ, जोर सगळा सुटण्यावर, आणि सवड फक्त काही सेकंदांची. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातल्या जत्रांत ही सरळ रेषेतली शर्यत नांदत होती.

आणि तिच्यात भाराची जाणही होती. गाडीत मागे जास्त ओझं झालं की ती उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैलाचा खांदा सुटतो. पुढे जास्त ओझं झालं की सगळा भार खांद्यावर येतो आणि बैल लवकर दमतो. धुरकरी पुढे झुकतो की मागे रेलतो, यावर खांद्यावरचा भार बदलतो. ड्रॅग रेसिंगच्या सस्पेन्शनची सगळी विद्या शेवटी या एका गोष्टीभोवती फिरते: गाडी सुटताना वजन कुठे जातं आणि ज्या टोकाला जोर लागणार आहे तिथे ते पोहोचतं की नाही. शेतकऱ्याला हे सूत्र मांडून दाखवता आलं नसतं, पण त्याच्या अंगात ते मुरलेलं होतं.

पोलादी स्प्रिंग आपल्याकडे आली ती युरोपी बग्ग्यांबरोबर. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या लंडनच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगेचं पेटंट घेतलं. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचायच्या आणि अशा दोन कमानी टोकांशी जोडायच्या, की गाडीचं धूड त्यावर तोललं जातं. मुंबईच्या व्हिक्टोरिया याच कुळातल्या. १८७४ मध्ये शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची, तरी व्हिक्टोरिया टिकून राहिली. पुढे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बंद करण्याचा आदेश दिला, तोवर त्या फक्त पर्यटकांच्या फेरफटक्यापुरत्या उरल्या होत्या.

सामान्य माणसाचं वाहन मात्र टांगा. खाडीपलीकडे वसई रोड स्टेशनबाहेरचे टांगे अनेकांच्या आठवणीत आहेत. टांग्याला दोनच चाकं असल्यामुळे त्याचा तोल सांभाळावा लागे. पाठीला पाठ लावून बसलेल्या उतारूंना टांगेवाला हुकूम सोडायचा, “भाऊ, जरा पुढे सरका,” “काकू, तुम्ही मागे या.” नवख्याला तो उगाच त्रास वाटे. खरं तर तो घोड्याच्या पाठीवर किती वजन यावं हे ठरवत असे. पाटे धक्का सोसत, आणि भाराची वाटणी उतारूंच्या जागा बदलून होई. सपाट रस्ता आणि चढण यांना वेगवेगळी वाटणी लागे, हे चांगल्या टांगेवाल्याला पाठ असायचं.

टांगा आणि बग्गी यांना वेग आला तशी रस्त्यावरची चढाओढही आली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणं किंवा घोडेस्वारी करणं हा गुन्हा ठरवत होतं. त्या वेळी या देशात मोटार नव्हती. हे कलम लिहिलं गेलं ते घोडे आणि गाड्या डोळ्यांसमोर ठेवून, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं मोटारवाले त्याच कलमाखाली कोर्टात उभे राहिले.

मोटार मुंबईत आली १८९८ च्या सुमारास. पहिल्या मोजक्या गाड्यांतली एक जमशेदजी टाटांची होती. सहा-सात वर्षांतच, १९०४ च्या अखेरीस, मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची मोठी चाचणी भरवली. ती वेगाची शर्यत नव्हती. नद्यानाले, दगडधोंडे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या पार करून गाडी धडपणे मुंबईला पोहोचते का, एवढंच पाहायचं होतं. हिंदुस्थानातल्या मोटारींची पहिली मोठी स्पर्धा ही वास्तविक सस्पेन्शनची परीक्षा होती, आणि हे इथल्या रस्त्यांना साजेसंच होतं. १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली आणि मुंबईच्या मोटारवाल्यांना स्वतःचं घर मिळालं.

यानंतरची कथा मुंबईच्या उपनगरांची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कारखाना उभा राहिला कुर्ल्यात. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीपची जुळणी मुंबईतच सुरू केली आणि पुढे कांदिवलीला मोठा कारखाना थाटला. १९६१ मध्ये मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, आणि शॉक अ‍ॅबसॉर्बर इथेच बनू लागले. कुर्ला, मुलुंड, कांदिवली. आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराभोवती आणि त्याच्या दक्षिणेला ही तीन ठिकाणं पसरलेली आहेत, आणि त्याच डोंगराच्या उत्तर टोकाशी मीरा-भाईंदर. देशातल्या मोटारींच्या पोटाखालचं सामान बनवणारी, जोडणारी आणि दुरुस्त करणारी पिढी या पट्ट्यात तयार झाली. ऑपेरा हाऊसची सुट्या भागांची दुकानं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा बाजार याच आधारावर वाढले.

या तिन्ही कारखान्यांत गॅब्रिएलचं काम सगळ्यात कमी दिसणारं आणि तितकंच मोलाचं. पाटा किंवा स्प्रिंग धक्का फक्त साठवून ठेवते. साठवलेला धक्का ती परत देते, आणि गाडी वर-खाली डोलत राहते. शॉकअपच्या नळीत तेल असतं. दट्ट्या वर-खाली झाला की ते तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने जातं, तापतं, आणि धक्क्याची ताकद त्या उष्णतेत विरून जाते. दबताना किती विरोध करायचा आणि सुटताना किती, हे त्या छिद्रांवर आणि झडपांवर ठरतं. बैलगाडीला हे ज्ञान नव्हतं. टांग्याला आणि व्हिक्टोरियालाही नव्हतं. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासून जेवढा धक्का जिरेल तेवढाच.

कुर्ल्याच्या कारखान्यातली सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे फियाट ११००. १९६४ मध्ये तिचं ‘डिलाइट’ मॉडेल आलं आणि पुढे १९७४ पासून तीच प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र आर्म आणि गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा, मागे मात्र सरळ एक्सल आणि त्याला पाटे. पुढचं टोक विसाव्या शतकातलं आणि मागचं टोक बग्गीच्या काळातलं, असा तिचा घाट. तरीही मुंबईच्या रस्त्यांवर तिने टॅक्सी म्हणून जे सोसलं त्याला तोड नाही. सहा उतारू, डिकीत ट्रंका, वर टपावर वळकट्या, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी. एखादा पाटा मोडला तर पाटेवाल्याकडे नेऊन तेवढीच पट्टी बदलायची, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट आवळायचे, बुश नवे घालायचे, आणि संध्याकाळी टॅक्सी परत रस्त्यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे.

हीच फियाट शर्यतीतही धावायची, आणि इथे दोन गाड्यांचं काम एका गाडीवर आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मद्रासजवळ शोलावरमला विमानांची एक धावपट्टी रिकामी पडली होती. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि शोलावरमच्या शर्यतींनी पुढची अनेक वर्षं गाजवली. तिकडे अमेरिकेतही हेच घडत होतं. कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर १९५० मध्ये पाव मैलाच्या शर्यती सुरू झाल्या, आणि रस्त्यांवर चाललेल्या जीवघेण्या चढाओढीला आळा बसावा म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. युद्धाने मागे ठेवलेल्या धावपट्ट्या दोन्ही खंडांत शर्यतींच्या कामी आल्या.

शोलावरमला फियाट, हेरल्ड, अ‍ॅम्बेसिडर अशा घरच्याच गाड्या सुधारून उतरवल्या जात. वेगळी शर्यतीची गाडी परवडणार कुणाला? आयातीवर कडक बंधनं होती, आणि कारखान्याची गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. त्यामुळे आपल्या देशात मोटार शर्यतीचा पाया घातला गेला तो रोजच्या गाडीवर. ही अडचण होती हे खरं, पण तिने इथल्या मेकॅनिकना एक कसब दिलं. एकाच गाडीकडून दोन स्वभाव काढून घेण्याचं कसब.

पद्मिनीसारखी मागची चाकं फिरवणारी गाडी झटक्याने सुटली की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. गाडी पुढे उसळते आणि वजन मागे सरकतं. किती सरकतं, हे गाडीचा झटका, तिच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. पद्मिनीच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. गाडीचं वजन ९०० किलो, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरहून थोडा वर आणि झटका गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश इतका धरला, तर साठेक किलो भार पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जातो. म्हणजे जवळजवळ एक माणूस. टांगेवाला ज्याला “मागे या” म्हणत असे, तोच माणूस इथे न बोलावता मागे जाऊन बसतो, आणि ते हवंच असतं, कारण जोर मागच्या चाकांतून रस्त्याला लागतो.

स्प्रिंगा या भाराचं माप बदलत नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. स्प्रिंग आणि शॉकअप ठरवतात ते हा भार किती झटक्यात जाईल, आणि गेल्यावर चाक शांत राहील की उड्या मारेल. ड्रॅगसाठी जुन्या मागच्या चाकांच्या गाड्यांत पुढचे शॉकअप सुटायला सैल आणि दबायला घट्ट ठेवतात. पुढचं टोक भर्रकन वर येतं आणि सावकाश खाली बसतं, तेवढ्यात मागच्या टायरांनी रस्ता पकडलेला असतो. मागच्या पाट्यांचं दुखणं वेगळं. एक्सल चाकांच्या उलट दिशेने पीळ खातो, पाट्याचा पुढचा भाग वळून नागमोडी होतो, मग तो एकदम सुटून परत येतो, आणि चाक रस्त्यावर थडथड उड्या मारू लागतं. यावर उपाय म्हणजे पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाच्या पट्ट्या क्लिपांनी घट्ट बांधणं, किंवा एक्सलचा पीळ अडवणारी दांडी बसवणं. ट्रकांचे पाटे बांधणाऱ्या पाटेवाल्याला हे काम नवं नाही. भार आला की पाटा कसा वळतो, हे तो रोज पाहत असतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे गणित उलटं झालं. आता गाडी पुढची चाकं ओढू लागली. सुटताना वजन अजूनही मागेच जायचं, पण जोर पुढे! ज्या चाकांना भार हवा त्यांच्यावरूनच तो उठून जाऊ लागला. पुढे झेन, एस्टीम आल्या, १९९८ मध्ये होंडा सिटी आली, आणि २००० च्या व्हीटेक सिटीने मुंबईतल्या वेगवेड्या तरुणांना भुरळ घातली. या गाड्यांना ड्रॅगसाठी तयार करायचं तर जुनी रीत उलटी वापरावी लागते. पुढच्या शॉकअपने सुटताना विरोध करायला हवा, म्हणजे नाक वर उचललं जाणार नाही. मागचं टोक बसू नये म्हणून तिथे घट्टपणा हवा. पद्मिनीवर शिकलेला मेकॅनिक सवयीने पुढचे शॉकअप सैल करत राहिला, तर होंडाची पुढची चाकं जागच्या जागी फिरून धूर काढतात आणि गाडी हलत नाही. हलकी मागची बाजू आणि जड नाक असलेली ही गाडी म्हणजे उलाळ होऊ न द्यायची बैलगाडीच.

याच काळात मीरा-भाईंदर वाढत होतं. १९८५ मध्ये नगर परिषद, २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत पाच लाखांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. नव्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मोटारी आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘गाडी लो करायची’ हौसही. पैसे असले तर आखूड स्प्रिंगा मिळतात. नसले तर कुणीतरी ग्राइंडरने स्प्रिंगेची एक-दोन वेटोळी कापून देतं. ही दुसरी रीत धोक्याची आहे, आणि तसं ठामपणे सांगायलाच हवं. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक खाली लोंबकळलं की ती जागेवरून सरकू शकते. शॉकअपचा दट्ट्या कायम तळाजवळ राहतो, आणि पुढचा मोठा धक्का थेट बॉडीला लागतो.

शिवाय वाट कोणती, तेही पाहायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गल्लीबोळांतले अनेक गतिरोधक मात्र डांबराच्या अरुंद, उभट वरंब्यासारखे असतात. हॅचबॅक मोटारीच्या पोटाखाली साधारण १६५ ते १७० मिलिमीटर जागा असते. त्यातली चार-पाच सेंटिमीटर घालवल्यावर पाच माणसं घेऊन त्या वरंब्यावरून जाणं म्हणजे तेलाच्या चेंबरचा लिलाव मांडणं. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढउतारात, पावसाने उखडलेल्या डांबरात, तीच गाडी प्रत्येक खड्ड्याला आपटते. टायर रस्ता सोडतो, आणि रस्ता सोडलेल्या टायरला ब्रेकही लागत नाही. गाडी बुटकी झाली म्हणजे ती शर्यतीला तयार झाली, हा समज वाटेवरही महागात पडतो आणि धावपट्टीवरही.

२०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या मोटारवाल्यांना ड्रॅगसाठी हक्काची जागा मिळाली ती लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर. तिथे भरणाऱ्या ‘व्हॅली रन’ला लाखमोलाच्या परदेशी गाड्यांबरोबर साध्या, घरच्या गाड्याही येत राहिल्या. मीरा रोडहून तिथे जायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर: घोडबंदर रस्ता, ठाणे, मग द्रुतगती मार्ग आणि खंडाळ्याचा घाट. धाव पंधरा-सतरा सेकंदांची, वाट काही तासांची. ज्याला वर्षातून एक-दोनदाच हे करायचं आहे, त्याच्यासाठी निवडीचा क्रम मग आपोआप ठरतो. आधी चांगले टायर, नवे बुश आणि धड असलेले आर्म. मग मूळ उंची राखणारे, पण सुटताना किती विरोध करायचा ते फिरवून बदलता येणारे शॉकअप. स्प्रिंगा सगळ्यात शेवटी, त्याही किंचितच कडक. धावपट्टीवर पोहोचलं की शॉकअपची चावी फिरवायची, ओढणाऱ्या चाकांची हवा थोडी कमी करायची, स्टेपनी आणि डिकीतलं सामान उतरवायचं. परतीला हे सगळं जागच्या जागी आणायचं. विसरून तशीच कमी हवेची गाडी घाटात घातली, तर शर्यतीहून मोठा धोका तिथे आहे.

कायद्याची बाजूही याच इतिहासाचा भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. रस्ता आणि शर्यत यांची फारकत कायद्याने कायम ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे. मुंबईच्या द्रुतगती मार्गांवर पहाटे लावलेल्या टांग्यांच्या बेकायदा शर्यतींनीही पोलिसांच्या दफ्तरात जागा मिळवली आहे. जनावर असो वा यंत्र, वाहत्या रस्त्यावर दुसऱ्याचा जीव पणाला लागतो.

बैलांच्या शर्यतीनेही कोर्टाची मोठी वाट तुडवली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये नियमांच्या चौकटीत शर्यतींना वाट मोकळी झाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता घाट पुन्हा भरतात. जुन्या काळी बैल चालत जत्रेला जायचा. हल्ली शर्यतीच्या बैलाला चालवत कुणी नेत नाही, त्याच्या पायांची झीज मालकाला परवडत नाही. त्याला पिकअप टेम्पोत चढवतात, खाली पेंढ्याचा जाड थर अंथरतात, दोन्ही बाजूंनी दावी बांधतात. टेम्पोच्या मागच्या एक्सलखाली तेच पाटे असतात, एकावर एक रचलेले. चालक खड्डा दिसला की गाडी सावकाश घेतो, आणि मालक मागे बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा असतो.